टिंबटिंब साहेबांची उरलेली वाक्यं

त्या माणसाचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सांगणारी बाई निःपक्षपाती नव्हती. नव्हतेच मी. तो तीन पक्षांतून पाच वेळा निवडून आला, दोनदा राज्यमंत्री आणि एकदा कॅबिनेट मंत्री झाला. त्याच्या नावाने आज एक चौक आहे, एक सभागृह आहे आणि एक पोहण्याचा तलाव आहे. ज्या पाण्याखाली आमचं घर गेलं त्या पाण्याला मात्र त्याचं नाव दिलेलं नाही. तेवढी लाज कुणाला तरी वाटली असावी.

पण ही गोष्ट त्याची नाही. त्याच्या गोष्टी सांगायला त्याने माणसं ठेवली आहेत. ही माझ्या आत्याची गोष्ट आहे, आणि तिचाही मला राग आहे. फक्त तो वेगळ्या जातीचा आहे.

आत्या विधानसभेत प्रतिवेदक होती. सभागृहात जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं, वरच्या मजल्यावर जाऊन ते टाइप करायचं, आणि त्याचं पुढे छापील कामकाज व्हायचं. आमच्या घराण्यात हे काम कुणी ऐकलेलंही नव्हतं. आजोबा सुतार, बाबा सुतार. नदीकाठच्या गावात आमचा कारखाना, कारखाना कसला, घराला लागून पुढे काढलेली मोठी पडवी. आत्या बाबांहून नऊ वर्षांनी लहान. मॅट्रिक झाल्यावर तिने टायपिंग आणि शॉर्टहँडच्या क्लासचं खूळ घेतलं, आणि बाबांनी तिला रोज पहाटे सायकलवर डबलसीट घेऊन हमरस्त्यावर बसला सोडलं, संध्याकाळी परत आणलं. असं दीड वर्ष. "पोरगी कागदावर रेघोट्या मारते आणि म्हणते हे भाषण आहे," असं आजोबा म्हणायचे. बाबा म्हणायचे, "मारू द्या. आपणही लाकडावर रेघोट्याच मारतो."

बाबा तिला 'छोटी' म्हणायचे. ती पन्नाशीची झाली, केस पांढरे झाले, तरी छोटीच.

तिचा वेग मिनिटाला एकशे चाळीस शब्दांचा होता. विधानसभेत लागली तेव्हा प्रतिवेदकांच्या खोलीत ती दुसरीच बाई. अध्यक्षांच्या आसनासमोर खाली एक लांब टेबल असतं, तिथे बसून लिहायचं. पाळी पाच मिनिटांची. पाच मिनिटं झाली की पुढचा माणूस येऊन शेजारी टेकतो, त्याची पेन्सिल चालू झाली की आधीचा उठतो. त्या अदलाबदलीत एक शब्द पडता कामा नये. मग वर जायचं, पाच मिनिटांचं टाइप करायचं, पुन्हा खाली पाळीला. अधिवेशनात ती दिवसभर असे जिने चढायची आणि उतरायची. गुडघे तिथेच गेले तिचे.

आता या कामातली मेख सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. वहीत जे बोललं जाईल ते सगळं घ्यायचं. अडखळणं, खाकरणं, 'म्हणजे', 'काय आहे की', सगळं. पण टाइप करताना ते तसंच्या तसं उतरवायचं नाही. बोलताना कुणाचंच वाक्य सरळ येत नाही. म्हणून प्रतिवेदकाने ते सरळ करायचं. कर्ता राहिला असेल तर घालायचा, क्रियापद राहिलं असेल तर द्यायचं. खोलीचे मुख्य होते, सगळे त्यांना चष्मा म्हणत. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: "अर्थ बदलायचा नाही. अब्रू झाकायची." मग ती टाइप केलेली प्रत त्या सदस्याकडे जायची. त्याने एक दिवसात वाचून दुरुस्ती सांगायची. नाही सांगितली तर तीच छापायची.

आत्या दुसऱ्यांच्या वाक्यांना क्रियापदं देण्यात इतकी तरबेज झाली की चष्मा तिचे कागद न तपासताच पुढे सोडायचे.

आणि मग हा निवडून आला.

राजकारणात येण्याआधी तो ट्रकमालकांच्या संघटनेचा चिटणीस होता. सासरा बाजार समितीचा सभापती, त्यामुळे तिकीट आयतं पदरात पडलं. पहिल्या भाषणाच्या वेळी आत्याची पाळी होती. रस्त्यांचा विषय. तो उठला, जाकीट ओढलं, आणि जे बोलला ते आत्या नंतर पुष्कळदा मला म्हणून दाखवायची. कॉलेजची दोन वर्षं मी तिच्याकडे राहायला होते, सरकारी क्वार्टर्समध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ती त्याच्या आवाजात सुरू व्हायची: "अध्यक्ष महाराज, रस्ता म्हणजे काय, रस्ता जो आहे तो, आता माझ्याच भागात बघा, म्हणजे मी काही, पण जनता जी आहे ती, आणि मग खड्डे, तर माझं म्हणणं एवढंच की..." आणि तिथे तो खाली बसला. म्हणणं काय ते सांगितलंच नाही. मी हसून हसून लोळायचे.

खोलीतल्या लोकांनी त्याच दिवशी त्याचं नाव टिंबटिंब ठेवलं. पुढे मंत्री झाल्यावर त्याला 'साहेब' लागलं.

त्या भाषणाची छापील प्रत मी पाहिली आहे. "माझ्या मतदारसंघातील रस्त्यांची दुरवस्था ही केवळ गैरसोय नसून जनतेच्या जीविताचा प्रश्न आहे. शासनाने याबाबत कालबद्ध कार्यक्रम जाहीर करावा, एवढेच माझे म्हणणे आहे." माझ्या आत्याचं वाक्य आहे हे. जीविताचा प्रश्न तिचा आणि कालबद्ध कार्यक्रमही तिचाच. त्याचे फक्त खड्डे.

प्रत वाचून तो स्वतः वर खोलीत आला होता म्हणे. कागद हातात धरून म्हणाला, "बाई, हे मी बोललो?" आत्या म्हणाली, "हो साहेब, थोडं व्यवस्थित केलंय." त्याने कागदाची घडी केली, खिशात घातला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने कधी प्रत वाचली नाही. गरजच उरली नव्हती. बाकीचे आमदार बोलायला शिकले. हा शिकला की आपण बोलायची गरज नाही, खाली टेबलापाशी बसलेली बाई बोलते.

त्याची छापील भाषणं त्याने पत्रकं काढून मतदारसंघात वाटली. वर्तमानपत्रं त्यातली वाक्यं उचलायची आणि त्याला 'मुद्देसूद' म्हणायची. पुढे त्याला उत्कृष्ट वक्ता म्हणून मानपत्र मिळालं. ते स्वीकारताना तो जे बोलला तेही आत्यानेच उतरवून घेतलं. खरं तर त्याने एवढंच म्हटलं होतं, "म्हणजे आता काय..." छापील कामकाजात त्याचा आभाराचा अर्ध्या पानाचा मजकूर आहे. लोक म्हणतात त्याला सासऱ्याने मंत्री केलं. मी म्हणते माझ्या आत्याने केलं. हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे. ती म्हणाली, "मी सगळ्यांचीच वाक्यं पुरी करते गं. त्याची जास्त अपुरी असायची."

बरं, कुणी समजेल की माणूस भोळा होता, बिचाऱ्याला बोलता येत नव्हतं. अजिबात नाही. बदल्यांच्या याद्या तो मोजक्या शब्दांत आणि घडाघडा सांगायचा. एका पक्षातून दुसऱ्यात जाताना तर त्याचं वाक्य कुठेही अडलं नाही. कुणाला काही द्यायची वेळ आली की मात्र जीभ जड व्हायची. ताकास तूर लागू द्यायचा नाही. समोरच्याला वाटायचं साहेब हो म्हणाले, आणि सहा महिन्यांनी कळायचं की साहेब काही म्हणालेच नव्हते.

तिसऱ्या पक्षात गेल्यावर त्याला कॅबिनेट मिळालं आणि पाटबंधारे खातं त्याच्याकडे आलं. आमच्या गावाच्या खाली धरण बांधून होत आलं होतं. दरवाजे बसले होते. ते बंद केले की पाणी चढत आमच्या गावात येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. टेकडीवर नवी वसाहत आखली होती, घर उठवून जो वर जाईल त्याला तिथे घराची जागा. लोक कौलं उतरवत होते, तुळया गाड्यांवर चढवत होते. सत्तर घरांपैकी साठेक घरं भराभरा गेली.

बाबा गेले नाहीत. अडून बसले असं मात्र कुणी म्हणू नये, कारण सरकारने तसं लिहिलं आहे आणि ते खोटं आहे. बाबांना घर उचलूनच न्यायचं होतं. पण आमचं घर तीन पिढ्यांच्या सुतारांनी बांधलेलं. एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडातले. घाई केली तर सांधे फुटतात. प्रत्येक तुळईवर आणि प्रत्येक खांबावर खडूने आकडे घालून, वरून खाली एकेक करत सोडवायचं, म्हणजे वर नेऊन त्याच क्रमाने उभं करता येईल. त्याला वेळ लागणार होता. चार महिने, असा बाबांचा हिशेब होता. दरवाजे कधी बंद होणार, हे कळलं पाहिजे होतं.

विरोधी बाकावरच्या एका मास्तरांनी सभागृहात तोच प्रश्न विचारला. "शेवटचं घर उठायच्या आधी मंत्रिमहोदय धरणाचे दरवाजे बंद करणार आहेत का? हो की नाही, एवढंच सांगा." टिंबटिंब साहेब उत्तराला उठले. टेबलापाशी पाळी आत्याची होती. आपल्याच गावाचा, आपल्याच भावाच्या घराचा प्रश्न, आणि ती लिहीत होती. हात थरथरला का, असं मी तिला एकदा विचारलं. "पाच मिनिटं हात कुणाचाच नसतो," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी छापील कामकाज आलं. आत्याने ते बाबांना पाठवलं, सोबत चिठ्ठी: दादा, पान एकशे बारा बघ. पान एकशे बारावर होतं: "आम्हालाही आईबाप आहेत. शेवटचे घर उठेपर्यंत धरणाचे दरवाजे बंद करण्यात येणार नाहीत."

बाबांनी ते पान किती जणांना दाखवलं असेल त्याला गणती नाही. शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. "विधानसभेत बोललेलं आहे, छापलेलं आहे, आणि छोटीने स्वतः लिहून घेतलेलं आहे." या तिसऱ्या कारणाने दहा घरं थांबली. त्यांचा विश्वास ना मंत्र्यावर होता ना छापखान्यावर. सुताराच्या बहिणीवर होता. आमच्यासकट अकरा घरं.

सुट्टीत घरी आले तेव्हा बाबांनी ते पान मलाही दिलं. मी वाचलं आणि माझ्या मनात आलं, टिंबटिंब साहेब एवढं सरळ बोलला कसा? खरंच आलं. मग आईने हाक मारली, मी पान परत दिलं आणि विसरून गेले. म्हणून म्हटलं, राग करायला मला माणसं पुष्कळ आहेत. त्यात एक मीही आहे.

दरवाजे बंद करायची नोटीस चार दिवसांची आली. बाबांनी तेव्हा छपराचा निम्मा भाग सोडवला होता. आकडे घातलेल्या तुळया ओळीने अंगणात ठेवल्या होत्या. ट्रक मिळेनात, ट्रकमालकांच्या संघटनेचे सगळे ट्रक धरणाच्या उद्घाटनाच्या कामाला लागले होते. तिसऱ्या दिवशी पडवीत पाणी आलं. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून रंधे, पटाशा, करवती वर देत होते आणि आई घेत होती. अंगणातल्या तुळया तरंगायला लागल्या, एकमेकींना धडकत नदीकडे गेल्या. आई रडत होती. बाबा मोठ्याने आकडे वाचत होते, कुठली तुळई गेली ते.

पुढे सरकारने यादी केली. त्यात ही अकरा कुटुंबं 'सूचना देऊनही स्वेच्छेने थांबलेले' या सदरात घातली. स्वेच्छेने थांबलेल्यांना टेकडीवर जागा नाही. हमरस्त्याच्या कडेला पत्र्याचे गाळे दिले, तात्पुरते म्हणून, आणि त्यात आम्ही सात वर्षं राहिलो. बाबा मंत्र्याला भेटायला तीनदा गेले. तिसऱ्यांदा तो भेटला. पान एकशे बारा बघून म्हणाला, "मी असं बोललोच नाही."

बाबा गाळ्यात येऊन थुंकले. त्यांना कधी तसं करताना मी पाहिलं नव्हतं. "छापलेलं नाकारतो," म्हणाले. आत्याला फोन केला, तिला सांगितलं. ती म्हणे एवढंच म्हणाली, "दादा, मी येते नंतर." पण आली नाही. सात वर्षांत ती आमच्या गाळ्यात दोनदा आली, आणि दोन्ही वेळा दारातच बसली. आम्हाला वाटलं, पत्र्याखाली तिला उकडतं.

अकरा जणांनी अर्ज केला. तो इथून तिथे फिरत शेवटी एका निवृत्त न्यायाधीशांच्या चौकशी समितीपुढे आला. मुद्दा एकच: मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिलं होतं की नाही. दिलं असेल तर ही माणसं फसवली गेली, त्यांना टेकडीवर जागा. दिलं नसेल तर ती आपल्या मर्जीने थांबली, बसा रस्त्यावर. मंत्र्याच्या वकिलाने छापील प्रतीला हरकत घेतली आणि मूळ वही मागवली. सभागृहाच्या ध्वनिफिती तेव्हा महिन्याने पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे वहीशिवाय काही उरलं नव्हतं.

बाबा खूश झाले. "आणू दे वही. छापलेलं खोटं म्हणतो ना, मग हाताने लिहिलेलं बघ म्हणावं."

मला मात्र ते पान वाचताना मनात आलेला प्रश्न आठवला. आत्या वर्षभरापूर्वी निवृत्त झाली होती. जुन्या वह्या खात्यातून रद्दीत जातात. ज्यांना हव्या ते घरी नेतात. मी तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होती.

"आत्या, वही रद्दीत गेली म्हणून सांग."

"गेली नाहीये."

"मला माहितीय. पण तू तसं सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला काय कळलं आहे हे तिला कळलं. तरी तिने विचारलं नाही आणि मीही पुढे बोलले नाही. "कपाटातच आहे ती," एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. आमच्यातलं बोलणं तेवढंच. त्या दिवशी मी तिला बाबांना सगळं सांगायला लावायला हवं होतं, किंवा स्वतः सांगायला हवं होतं. मी आपली गुळणी धरून बसले.

सुनावणी सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. लांब खोली, हिरव्या कापडाचं टेबल, एक पंखा, आणि मागे आमची अकरा कुटुंबं भिंतीला टेकून उभी, कारण खुर्च्या सहाच. टिंबटिंब साहेब पुढे बसले होते. आता त्यांच्याकडे दुसरं खातं होतं. अंगाने भरले होते. आत आल्यावर त्यांनी सगळ्यांना हात जोडले, आम्हालाही.

आत्याला बोलावलं. तिने पिशवीतून वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या. मंत्र्याच्या वकिलाने वही हातात घेतली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि परत केली. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. न्यायाधीशांनीही पाहिली. म्हणाले, "बाई, हे तुम्हालाच वाचावं लागेल. वहीत आहे तेवढंच वाचा."

आत्याने चष्मा लावला. बाबा माझ्या शेजारी ताठ उभे होते. आत्या वाचायला लागली, आणि तिने त्याचा आवाज काढला नाही. सपाट, सरकारी आवाजात वाचलं.

"अध्यक्ष महाराज, माझं म्हणणं असं की, शेवटचं घर उठेपर्यंत दरवाजे, म्हणजे आम्ही काही, तुम्ही समजता तसं, आम्हालाही आईबाप आहेत, तर ते दरवाजे जे आहेत ते, बघू ना आपण, बसा, बसा."

मागून कुणी तरी हसलं. टिंबटिंब साहेबही हसले. मोकळेपणाने हसले, घरात आपल्याच जुन्या खोडीवर हसावं तसे.

न्यायाधीशांनी छापील पान पुढे ओढलं. "मग 'बंद करण्यात येणार नाहीत' हे कुठून आलं?"

"मी घातलं."

"तुम्ही?"

"वाक्य अपुरं होतं, साहेब. अपुरं वाक्य पुरं करायची आमची पद्धत आहे. मी तीस वर्षं तेच केलं."

"प्रत मंत्र्यांकडे दुरुस्तीला गेली होती?"

"गेली होती. 'पाहिले, दुरुस्ती नाही' असा शिक्का मारून परत आली. पण त्यांनी स्वतः पाहिली नसणार. ते कधीच पाहत नसत."

हे तिला सांगायची काय गरज होती? कुणी विचारलं नव्हतं. शिक्का होता, शिक्क्यावर सगळं उभं राहिलं असतं. आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

न्यायाधीशांनी छापील पानावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाई, वाक्य पुरं करायचं होतं हे समजलं. पण असंच का पुरं केलंत? 'बंद करण्यात येतील' असंही लिहिता आलं असतं."

आत्याने चष्मा काढला. तिला प्रश्नच कळला नाही असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "आम्हालाही आईबाप आहेत, असं म्हटल्यावर ते वाक्य दुसऱ्या कशाने पुरं होतं, साहेब?"

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. पण आईबाप आहेत म्हणून टेकडीवर जागा मिळत नाही. निकाल तीन आठवड्यांनी आला. तो आम्हाला त्या खोलीतच कळला होता.

बाहेरच्या व्हरांड्यात टिंबटिंब साहेब आत्याजवळ थांबले. दोन्ही हात जोडले. "ताई, तुमच्यासारखी माणसं म्हणजे, हल्लीच्या काळात, खरोखर..." आत्याचे ओठ हलले. मी पाहिलं. सवय होती ती. पण आवाज बाहेर आला नाही. साहेब क्षणभर वाट पाहत उभे राहिले आणि मग माणसांच्या घोळक्यात निघून गेले. पुढच्या निवडणुकीतही ते निवडून आले, हे वेगळं सांगायला नको.

बाकीची दहा कुटुंबं आत्याकडे न बघता खाली उतरली. बाबा जिन्याच्या तोंडाशी कठड्याला धरून उभे होते. आत्या त्यांच्याजवळ गेली. मी मागेच राहिले.

"छोटी, ती वही दुसऱ्या कुणाला वाचता येते?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"त्या वकिलाला?"

"नाही, दादा. आमच्या खोलीतल्यांनाही नाही. प्रत्येकाचा हात वेगळा असतो."

"म्हणजे आत तू काहीही वाचलं असतंस तरी..."

"हो."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "तो तसं बोललाच नव्हता, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पाणी आलं त्या आठवड्यात वही काढून बघितली."

"सात वर्षं. आणि मला बोलली नाहीस."

आत्याने वही पिशवीत घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. "बोलले असते तर तू म्हणाला असतास, छापलंय तसंच वाच."

"म्हणालोच असतो."

"आणि दादा, तू म्हणाल्यावर मी वाचलं असतं."

खालून कुणी तरी बाबांना हाक मारली, बस सुटायची वेळ झाली म्हणून. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते आत्याकडे बघत होते.

"मग सांगायचं होतंस," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले.